यादी बरोबर होती, कुंदे

कुंदे, गेलीस ती गेलीस, वर माझ्या आधी गेलीस.

तुझं नेहमीचंच आहे हे. डब्यात वीज आली की आधी तू, मग मी. सगळी नोकरी अशीच काढली आणि आता शेवटच्या रांगेतसुद्धा पुढे घुसलीस. चार महिन्यांनी मोठी मी, गुडघे माझे गेलेले, सकाळ-संध्याकाळ गोळ्या मला, आणि नंबर लागला तुझा. तोही कसा, तर थंडीच्या दिवसांत गच्चीवर खुर्ची टाकून, उन्हात पाठ शेकत, भिजवलेल्या अवरेकाईची, म्हणजे इथल्या पावट्याची, सालं काढताना. तुझी अनघा सांगत होती, एका ताटात सोललेले दाणे, दुसऱ्यात सालं, मांडीवर नॅपकिन आणि मान किंचित कललेली. तुझ्या लेकीच्या तोंडून हे ऐकताना मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, हिचं मरणसुद्धा नीटनेटकं. रडले नंतर. क्रम मुद्दाम सांगते आहे, कारण आज खोटं बोलायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहायचं आहे. सेक्रेटरी पुण्याचे, नवीन आहेत. म्हणाले, "वेणूताई, जन्म, शिक्षण, नोकरी ते सगळं आम्ही चौकटीत टाकतो. तुम्ही आठवणी लिहा. ती यादीची गोष्ट लिहाच. परवा शोकसभेत किती हसले लोक!"

तीच लिहिते. फक्त या वेळी ती आहे तशी लिहिते.

तू नागपूरहून आलीस तेव्हा येलहंक्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणजे आपल्या ऑफिसात, मी एकटीच बाई होते. मला सगळे 'वेणक्का' म्हणत आणि तेवढ्यावर मी राणीसारखी वावरायची. चामराजपेटेतल्या पाच पिढ्यांच्या मराठी घरातली मी. ऑफिसात कन्नड, घरात मराठी आणि घाईत दोन्हीची भेळ. तू पहिल्याच दिवशी माझं कन्नड-मराठी "स्वल्प थांब गं" ऐकलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाप्पा! तुझी मराठी म्हणजे इडलीवर तर्री ओतल्यासारखी आहे."

मी म्हटलं, "आणि तुझी ऐकली की वाटतं शेजारी भांडण लागलंय."

तू अशी हसलीस की दारातला वॉचमनही हसला. आठवड्याभरात तू 'कुंदक्का' झालीस. मला 'अक्का' व्हायला तीन वर्षं लागली होती. माझ्या वहीत तुझ्या नावावर पहिली फुली त्या आठवड्यातली.

सरांनी काम वाटलं. बूटलोडर तुला, कर्नल मला. अंकाच्या निम्म्या वाचकांचा हाच धंदा आहे, उरलेल्यांसाठी सांगते. आम्ही द्राक्षबागांसाठी एक डबा बनवत होतो. बागेत खांबावर टांगायचा. तो हवेतली उष्णता, दमटपणा मोजायचा, नोंदी ठेवायचा आणि केवडा रोग पडण्याजोगी हवा झाली की लाल दिवा लावायचा. दिवा लागला की शेतकऱ्याने फवारणी करायची. त्या डब्यात वीज येते तेव्हा आतल्या चिपला काहीच ठाऊक नसतं. आपण कोण, कुठे आहोत, जवळ जागा किती, काही नाही. सगळ्यात आधी जागा होतो तो बूटलोडर. लहानसा प्रोग्राम. तो मेमरी कामाला लावतो, मोठ्या प्रोग्रामला, म्हणजे कर्नलला, उचलून त्याच्या जागी बसवतो आणि निघण्याआधी एक यादी लिहून ठेवतो. मेमरी किती, ती कुठून सुरू होते, बोलायचं कुठल्या तारेवर. मग प्रोसेसरच्या तीन खणांत तीन गोष्टी ठेवतो: पहिल्यात शून्य, दुसऱ्यात बोर्डाचा नंबर, तिसऱ्यात यादीचा पत्ता. आणि उडी मारून कर्नलच्या दारात. तिथून त्याला परत येणं नाही. कर्नल डोळे उघडतो, पत्त्यावरची यादी वाचतो आणि संसार सुरू करतो. बूटलोडर जिथे बसला होता ती जागासुद्धा थोड्या वेळात कर्नलच्या सामानाखाली जाते.

दोघांचं बोलणं एवढंच. एक यादी. काही कळलं नाही तर पुन्हा विचारायची सोय नाही, कारण विचारणार कोणाला?

पहिल्या खणात शून्यच का ठेवायचं, असं कोणीतरी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "रिकाम्या हाताचा नमस्कार आहे तो." हे वाक्य शेडमधल्या सगळ्यांनी उचललं. पुढे नवीन येणाऱ्या मुलामुलींना तेच शिकवलं जायचं. माझं एकही वाक्य कधी कोणी उचललं नाही. मी कितीतरी चांगली वाक्यं बोलत असे, कुंदे. तू ऐकली आहेस ती.

आणि तुझ्या त्या याद्या! घर बदलताना यादी, गावाला जाताना यादी, फ्रीजवर यादी. लग्नाच्या याद्या करताना दोन्ही घरचे जसे एकेक कलम वाचून पुढे जातात तशी तुझी बूटलोडरची यादी. मेमरी किती आहे हे तू गृहीतसुद्धा धरायची नाहीस. दर वेळी बूटलोडरकडून मोजून घ्यायचीस आणि मग लिहायचीस. सरांनी ती पाहुण्यांना दाखवली. म्हणाले, "कुंदाची यादी असल्यावर कर्नलला काही करायलाच नको."

आता त्या पंचेचाळीस वर्षांच्या वेणूबाईंकडे बघू. बॉबकट, गळ्यात चष्म्याची साखळी, टेबलावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी. पाटी स्वतःच करून आणलेली. वय पंचेचाळीस, अक्कल पंधराची. 'काही करायलाच नको' हे ऐकून बाईंचा असा पापड मोडला की जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. माझ्या घरात मेमरी किती, हे मला ही नागपूरची सांगणार? त्या दुपारी मी कर्नलमध्ये चार ओळी घातल्या. मेमरी चौसष्ट एमबी, सुरुवात अमुक ठिकाणी, संपलं. या ओळी असल्या की कर्नल यादीतला मेमरीचा भाग बघतही नाही, बाजूला टाकतो. वर इंग्रजीत शेराही मारला, बूटलोडरच्या सांगण्यावर विसंबू नये. आणि समाधानाने दोन कप कॉफी प्यायले. कॉफी आठवते, कारण दुसरा कप तू आणून दिला होतास.

बोर्डावर मेमरी खरोखर चौसष्टच होती. त्यामुळे वर्षभर काही बिघडलं नाही. माझ्या मत्सराला वर्षभर पगारी रजा मिळाली म्हण.

मग बोर्डांची दुसरी खेप आली. आधीची मेमरी मिळेना म्हणून तिच्यावर बत्तीसची बसवली होती. तू काय केलंस? काहीच करायला लागलं नाही. तुझ्या बूटलोडरने मोजलं, बत्तीस भरले, यादीत बत्तीस लिहिलं. माझा कर्नल मात्र घरात चौसष्ट आहेत अशा तोऱ्यात उठला. वरचा मजला नाहीच आणि बाई जिना चढून सामान ठेवतायत. ते सामान पडायचं खालच्याच खोलीत, आधीच्या सामानावर. ऑफिसच्या टेबलावर डबा नीट चालायचा. बागेत आठवडाभर नोंदी साठत गेल्या की मात्र गप्प व्हायचा. दिवा हिरवा आहे तसाच, आकडे आहेत तसेच. जागा आहे असं दाखवून झोपलेला.

देवनहळ्ळीचे बागायतदार नंजप्पा शेडमध्ये आले तो दिवस मी विसरायचा फार प्रयत्न केला. पिशवीतून त्यांनी द्राक्षांचा एक घड काढला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. मणी तपकिरी, सुरकुतलेले, वर पांढरा थर. तुझ्याकडे बघून म्हणाले, "नोडी, बघा अक्का. तुमचा डबा हिरवा म्हणाला. मी औषध मारलं नाही." आवाज चढवला नाही त्यांनी. अर्धी बाग गेली होती.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. डबा उघडून बघितलेला होता. कर्नलला मेमरी दुप्पट वाटते आहे एवढं कळलं होतं. सरांनी विचारलं, "मेमरी किती आहे, हे कर्नलला सांगतं कोण?"

कोणीतरी म्हणालं, "यादी."

सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. तू माझ्याकडे बघितलंस. कुंदे, त्या क्षणी मला माझ्या चार ओळी आठवल्या, शेऱ्यासकट. विसरले होते, ध्यानात आलं नाही, असलं काही नाही. लख्ख आठवल्या. आणि त्या पितळी पाटीवाल्या बाई खिडकीबाहेरचं सिल्व्हर ओकचं झाड बघायला लागल्या. पानं मोजत होते बहुतेक.

तू म्हणालीस, "बघते मी."

दोन दिवसांत तू बूटलोडर बदललास, डबे एकेक करून दुरुस्त होऊ लागले. सर धरून चालले की यादी चुकली होती, तू ती दुरुस्त केलीस. टीम लीडची जागा तुला मिळणार हे शेडमधल्या मांजरालाही माहीत होतं. ती मला मिळाली. तू पेढे आणलेस. माझ्या बढतीचे पेढे तू आणलेस, आणि मी घरी जाऊन म्हटलं, कंदी नव्हते.

आता ते विमान.

येलहंक्यात विमानतळाच्या बाजूने हवाई दलाची विमानं डोक्यावरून जायची तेव्हा शेडमध्ये सगळ्यांची वाक्यं अर्धी राहायची. तोंड मिटून थांबायचं, आवाज गेला की बोलायचं. आम्ही बाकीचे वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तू तसं कधी केलं नाहीस. जिथे तुटलं, नेमक्या त्या शब्दापासून पुढे. "पुढच्या आठवड्यात मी" विमान "नागपूरला जाते आहे." मुलं पैजा लावायची. तू एकदाही हरली नाहीस. मी घरी आरशासमोर प्रयत्न करून बघितला होता. हसू नकोस.

मीटिंगनंतर तिसऱ्या दिवशी आपण दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "वेणू, तुझ्या कर्नलमध्ये" आणि विमान आलं. लांबलचक गेलं. मी श्वास धरून बसले होते. आवाज विरला, झाडावरचे कावळे पुन्हा बोलायला लागले. आणि तू म्हणालीस, "चहा घेतेस?"

एवढ्या वर्षांत तू एकच वाक्य अर्धं सोडलंस. मी म्हटलं, "घेते."

मी तुझ्यावर जळले ते खरं म्हणजे त्यानंतर. आधीचं सगळं किरकोळ होतं. दुरुस्त डबा मिळेपर्यंत तू रोज सकाळी बस धरून देवनहळ्ळीला जायचीस. नंजप्पांच्या उरलेल्या बागेत साधा थर्मामीटर घेऊन उभी राहायचीस आणि वहीत नोंदी करायचीस. तू डबा झालीस, कुंदे. मी लीड होते, मला मीटिंगा होत्या. पुढच्या हंगामापासून नंजप्पांची एक पेटी दर वर्षी तुझ्या घरी येऊ लागली. काळीभोर, आमची ही इथली द्राक्षं. तू अर्धी पेटी मला पाठवायचीस. मी खाऊन फोन करायची, "साल जाड आहे गं यंदा." तू म्हणायचीस, "मग थुंकून टाक ना, काहून खाऊन राहिलीस?" एकही मणी टाकला नाही मी कधी. सालासकट खाल्ला.

'कुंदाची यादी' हा शेडमध्ये वाक्प्रचारच झाला. कोणी दूध आणायला विसरलं तरी म्हणायचे, कुंदाची यादी झाली. त्यात गंमत आणली मी. सांगते ना, आज खोटं नाही. ती गोष्ट सगळ्यात रंगवून मीच सांगायची. तू यादी लिहितेस असा हात, डबा झोपतो अशी मान, सरांचा आवाज. निरोप समारंभात सांगितली, तुझ्या साठीला सांगितली, अनघाच्या लग्नात मुलाकडच्यांनाही सांगितली. तू पदर तोंडाला लावून हसायचीस. मला वाटायचं, हिला खरंच माहीत नाही. मग वाटायचं, हिला माहीत आहे. आणि मग मी दुप्पट हातवारे करून सांगायची.

आपला एक वाद राहिलाच. यादीचं पुढे झाड झालं. डिव्हाइस ट्री. बोर्डावर काय काय आहे, कुठे आहे, सगळं फांद्याफांद्यांनी एका फाइलीत मांडायचं, बूटलोडरने ती कर्नलला द्यायची, आणि कर्नलने आपल्या पोटात बोर्डाबद्दल काही लपवून ठेवायचंच नाही. रिटायर व्हायला थोडे दिवस उरले असताना तू ते शिकलीस आणि नव्या पोरींना शिकवायला लागलीस. मी म्हटलं, "म्हणजे कर्नलला अक्कलच ठेवली नाही म्हणा की." तू म्हणालीस, "ठेवली ना. वाचायची." मी आठवडाभर बोलले नाही तुझ्याशी. गेल्या दिवाळीत फोनवर पुन्हा तोच विषय निघाला, मी पुन्हा चिडले आणि "बरं, कुकर झालाय" म्हणून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता. तो आपला शेवटचा फोन. वाद तू जिंकला होतास, जगाने तुझ्या बाजूने निकाल दिला होता, आणि मी खोट्या कुकरच्या मागे लपले होते.

माझी नात रेवा डिव्हाइस ट्री तुझ्याकडूनच शिकली. आठवड्यातून दोनदा येलहंक्याला पळायची. घरात 'कुंदाआजी म्हणते' असं सुरू झालं की मी मिक्सर लावायची. माझ्याकडून ती काय शिकली? कोशिंबीर.

तर ती शोकसभा. हॉल गच्च. माझ्या सभेला इतकी माणसं येतील का, हे मी मोजायला लागले होते. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले आणि स्वतःची लाज वाटली. नंजप्पांचा मुलगा आला होता. रेवा हुंदके देत होती, इतकी की मला वाटलं, माझ्या वेळी हिच्याकडे एवढे उरतील का. आणि अनघा डोळे पुसत माझ्याकडे आली. "वेणूमावशी, तू बोल ना. आईची ती यादीची गोष्ट सांग. तिला आवडायची."

मी उठले. आणि सांगितली. हात, मान, सरांचा आवाज, सगळं. लोक हसले, रडले. तुझ्या फोटोला हार, आणि समोर उभी राहून मी तुझी चूक सांगते आहे. परतीच्या रिक्षात रेवा म्हणाली, "आजी, तू गप्प का?" मी म्हटलं, "पाठ दुखते."

दोन दिवसांनी अनघा घरी आली. हातात एक पुडकं. आतमध्ये आपला जुना डबा, दुसऱ्या खेपेतला, रंग उडालेला. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तुझ्या त्या सुबक अक्षरात: 'वेणूला. चालू कर आणि वाच.'

अनघा म्हणाली, "आईने कपाटात नावं घालून ठेवली होती सगळ्यांच्या वस्तूंना. तुला हा." मी आतल्या आत कुरकुरले. शेजारच्या यशोदाबाईंना पैठणी आणि मला डबा!

अनघा गेल्यावर रेवाने कुठूनतरी तार शोधून डबा लॅपटॉपला जोडला. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर फुलवाली ओरडत होती. वीज दिली. अजून उठला गं तो. आधी तुझ्या ओळी. मेमरी मोजली, बत्तीस. यादी तयार. कर्नलला बोलावते. मग माझ्या ओळी धावायला लागल्या, पहिल्या ओळीत माझं नाव, अर्थातच. मी सवयीने मान वळवली. पहिली पाचसहा अक्षरं बघायची आणि उठायचं, अशी सवय होती मला. तुझ्याकडून आलेलं काही माझा कर्नल वाचून दाखवतो, ते मला बघवायचं नाही.

रेवा म्हणाली, "आजी, एक मिनिट. हे वीअर्ड आहे. लिस्टमध्ये मेमरी बत्तीस आहेच ना? मग कमांड लाइनमध्ये परत मेमरी बत्तीस का लिहिलंय? सेम गोष्ट दोनदा?"

मी चष्मा लावला.

वाचकांसाठी एवढंच. त्या यादीतच एक हुकमाची ओळ असते, कमांड लाइन. कर्नलमध्ये कोणी काहीही लिहून ठेवलेलं असो, तिथे मेमरी लिहिली की तोच शब्द शेवटचा. माझ्या चार ओळींच्या वर जाणारी जगात एकच जागा होती ती.

रेवा म्हणाली, "जो लिस्ट ऐकतोय त्याला दोनदा कोण सांगेल?"

कोणी नाही सांगणार, बाळा. ऐकत नसलेल्यालाच दोनदा सांगतात.

तर तुझी दुरुस्ती ही होती. यादीतला मेमरीचा आकडा तू बदललाच नव्हतास. बदलायला तिथे चूकच नव्हती. तू माझ्या चार ओळी वाचल्या होत्यास, शेऱ्यासकट, आणि त्यांना हात न लावता, कोणाला न सांगता, वरून एक ओळ घातलीस. आणि माझा कर्नल, माझं नाव मिरवणारा, दर वेळी उठला की ती ओळ पडद्यावर छापत होता. माझ्याच तोंडाने. शेकडो डबे, इतकी वर्षं. मी एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत वाचलं असतं तर मला कळलं असतं की तुला ठाऊक आहे. मग मी काय केलं असतं, ते मात्र सांगता येत नाही. त्या पितळी पाटीवालीचा भरवसा नाही.

रागही आला तुझा. क्षमा करण्यातसुद्धा पहिला नंबर? मला मागायला तरी द्यायचीस!

काल मी येलहंक्याला गेले. दोन बस बदलून. गुडघ्यांनी वाटभर शिव्या दिल्या. अनघाने दार उघडलं, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. गच्चीवरची तुझी खुर्ची अजून तिथेच आहे. मी म्हटलं, "अनघा, बस आधी. ती यादीची गोष्ट आहे ना, त्यात चूक"

आणि विमान आलं.

शप्पथ सांगते. अगदी डोक्यावरून. भांडी थरथरली. अनघा सवयीने थांबली, माझ्याकडे बघत. चांगलं लांबलचक विमान होतं. पळून जायला भरपूर वेळ होता. 'चहा उतू जाईल बघ' हे वाक्य ओठावर तयार होतं, आणि त्या घरात ते कोणालाही खरंच वाटलं असतं. मला कळलं, कुंदे, त्या दिवशी पायरीवर तू काय गिळलं होतंस, आणि ते किती मोठं होतं.

आवाज विरला.

"माझी होती," मी म्हटलं. "तुझ्या आईची यादी बरोबर होती. पहिल्यापासून. मला माहीत होतं."

अनघा ओट्याला टेकली. मग म्हणाली, "आईला?"

"तिलाही."

"मी चिडवलंय तिला ह्यावरून, मावशी. शाळेत असल्यापासून." तिने गॅस बंद केला. चहा गाळला नाही. मला दारापर्यंत सोडायला आली, पण जिन्यात हात धरला नाही. दर वेळी धरते. अजून फोन आलेला नाही. येईल तेव्हा येईल. नाही आला तर तेही माझंच.

हे सगळं सेक्रेटरींनी एक शब्द न कापता छापायचं आहे. सभेत हसलेल्या प्रत्येकाने वाचायचं आहे. यादी बरोबर होती. लीड कुंदा व्हायला हवी होती. बाग गेल्यावरचे नंजप्पांचे शब्द माझ्या वाट्याचे होते, ते तिने ऐकले. पुढच्या हंगामात पेटी आली तर ती अनघाकडे जाऊ द्या, पुरती, माझ्या अर्ध्यासकट.

आणि तुला एक गोष्ट खास सांगायची राहिली. काल विमान गेल्यावर मी वाक्य पहिल्यापासून सुरू केलं नाही. जिथे तुटलं होतं, नेमक्या त्या शब्दापासून पुढे बोलले. पहिल्यांदाच जमलं. आरसा नाही, सराव नाही.

हेवा वाटला का गं? वाटू दे. स्वल्प वाटू दे.